लासारोची खरी सही

टॉपनिश, वॉशिंग्टन
११ फेब्रुवारी २०२४

ती. ओफेलिया आत्याबाईंस,
रोहेलिओचा सा. न. वि. वि.

जावयाचं पत्र बघून तुम्ही फोनकडे बघाल आणि म्हणाल, हा काय बिघडला का? फोन शाबूत आहे. पण नाताळात आपण दोघे फोनवर जे काही बोललो, त्यानंतर तुमच्या भाचीने, नेलिदाने, हुकूम काढला आहे की फोनवर राजकारण बंद. भांडायचंच असेल तर पत्र लिहा, म्हणाली. पत्र लिहीपर्यंत निम्मा राग उतरतो आणि उरलेला तिकीट चिकटवताना. तुम्ही माझ्या सासऱ्यांच्या सख्ख्या बहीण, तेव्हा तुमच्याशी अबोला धरणं मला शक्य नाही आणि गप्प बसणंही शक्य नाही.

आधी चांगली बातमी. मंगळवारी सफरचंदांच्या शेडमधून घरी येताना नेलिदाला पोलिसाने थांबवलं. कागद नसलेल्या बाईला पोलीस म्हणजे काय, ते तुम्हाला ठाऊक आहे. त्याने खिडकीपाशी वाकून सांगितलं की बाई, गाडीचा मागचा दिवा गेलाय, आजच बदलून घ्या, आणि निघून गेला. घरी येऊन तिने अर्धा तास नुसते हात धुतले. मी दिवा बदलला.

आता वाईट. बुधवारी सिनेटमध्ये सरहद्दीचं ते विधेयक पडलं. तुमच्याच पक्षाने मागितलेलं, तुमच्याच पक्षाच्या माणसाने महिनोनमहिने बसून लिहिलेलं, आणि तुमच्याच लोकांनी पाडलेलं. का, तर निवडणुकीत सरहद्दीच्या नावाने ओरडायला काहीतरी शिल्लक राहिलं पाहिजे. त्यात नेलिदासाठी एक ओळही नव्हती, हे मी मान्य करतो. पण निदान गाडं हललं असतं.

सासूबाईंचे डोळे आणखी मंदावलेत. सरहद्दीपलीकडून, चाविंदा गावाहून, शेजारणीने कळवलं की त्या आता चुलीचा विस्तव हाताने चाचपून बघतात. सासऱ्यांची शवपेटी घेऊन त्या २००९ साली गावी गेल्या, त्याला पंधरावं वर्ष लागलं. नेलिदा भेटायला गेली तर दहा वर्षं परत येता येणार नाही, आणि गेली नाही तर आईला ती दिसणार कधी? या प्रश्नावर आमच्या घरात आता कुणी बोलत नाही. याचं खापर मी कुणावर फोडतो, ते तुम्हाला ठाऊक आहे.

आपला लोभ भांडणावरच पोसलेला आहे, तो उपाशी राहू नये म्हणून उत्तर धाडावं.

आपला,
रोहेलिओ

वेस्लाको, टेक्सस
२५ फेब्रुवारी २०२४

चि. जावईबापूंस,
अ. उ. आ. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. ‘तुम्ही’ लिहिलंय यावरून ओळखा की मी चिडलेली आहे.

विधेयक कुणी पाडलं ते मला टीव्हीवर दिसतं, डोळे माझे शाबूत आहेत. पण तुमची आठवण बरी सोयीस्कर आहे हो. २००९ साली खालचं सभागृह तुमचं, सिनेट तुमचं, अध्यक्ष तुमचा. सगळ्यांच्या कागदांचा कायदा पहिल्याच वर्षी करू म्हणाले होते. त्याच वर्षी माझा भाऊ गेला, माझी वहिनी पेटीबरोबर गेली ती गेलीच. तेव्हा कुणी पाय धरले होते तुमच्या लोकांचे? दर चार वर्षांनी आमच्या गल्लीत येऊन मोडक्या स्पॅनिशमध्ये दोन वाक्यं म्हणायची, टमाले खायचे, आणि तोंडाला पानं पुसून जायचं. मला कागद मिळाले ते १९८६ सालच्या कायद्याने, आणि त्यावर सही माझ्या पक्षाच्या अध्यक्षाची होती. मी मीठ विसरत नाही. आणि माझा मुलगा आदान पहाऱ्याचा हिरवा गणवेश घालून सरहद्दीवर उन्हात उभा असतो. त्याला शिव्या देणाऱ्यांना मी मत देऊ?

एक गोष्ट बोलणार नव्हते, पण तुम्ही खापराचा विषय काढलात म्हणून बोलते. २०१२ साली लहानपणी आलेल्या मुलांसाठी सवलत निघाली, तेव्हा नेलिदा एकवीस वर्षांची होती. अर्ज भरायला निघाली होती पोरगी. तिला थांब कोण म्हणालं? ही अर्धी भाकरी कशाला, पुढच्या वर्षी अख्खा कायदा येतोय, असं कोण म्हणालं? तेरा साल आलं, सिनेटने पास केला, तुम्ही केक कापलात. पुढे खालच्या सभागृहात माझ्या लोकांनी तो पटलावरसुद्धा घेतला नाही, कबूल. पण केक तुम्ही कापलात. आणि मग सवलतीचं दारही बंद झालं.

पूर्वी असं नव्हतं. २००० सालच्या नाताळात दोन्ही पक्षांनी मिळून एक कायदा केला, काँग्रेस माझी, अध्यक्ष तुमचा. चार महिन्यांची मुदत होती. तेव्हा आम्हीही तुमच्याच खोऱ्यात राहत होतो. एप्रिलमध्ये पहाटेपासून मी सिअ‍ॅटलच्या कचेरीबाहेर पावसात रांगेत उभी राहिले आणि भावाच्या नावाने अर्ज भरला. पुढे पुरुष नंबर लावून थांबले होते, मागे बायका डबे घेऊन, आणि कुणी कुणाला पक्ष विचारत नव्हतं. पावती अजून माझ्या खणात आहे. लासारो गेला आणि कागदही मेला. पण मी काहीतरी केलं होतं. तुम्ही काय केलंत? दारोदार पत्रकं वाटलीत.

लिहून झाल्यावर वाचलं. बारा सालचं लिहायला नको होतं. पण शाईने लिहिलंय, आता असू दे.

माया आहे म्हणूनच टोचते, हे लक्षात ठेवावं.

ओफेलिया

टॉपनिश
२२ मार्च २०२४

ती. आत्याबाईंस,
सा. न. वि. वि.

तुमचं बारा सालचं वाक्य वाचून मी पत्र टेबलावर टाकलं आणि बागेत निघून गेलो. सफरचंदाच्या फांद्या छाटायच्या होत्या, त्या दिवशी जरा जास्तच छाटल्या. तुम्ही खोटं लिहिलं नाहीत. मी थांब म्हणालो होतो. नेलिदाने मला एकदाही बोलून दाखवलं नाही, आणि तेच मला जास्त लागतं.

पण मी बागेत असताना तिने ते पत्र वाचलं. आपली भांडणं ती वाचत नाही असं सांगते, पण वाचते. मी परत आलो तर ती दारातच उभी होती, तुमच्या पत्रातल्या एका ओळीवर बोट ठेवून. मेलेला कागद खरंच मरतो का, असं तिने मला विचारलं. मला काय ठाऊक? मी म्हटलं, माणूस गेला की अर्ज गेला. ती म्हणाली की तुला प्रत्येक गोष्ट अशीच ठाऊक असते.

शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये ट्वेट नावाच्या वकीलबाई बसतात, फुकट सल्ला देतात. म्हाताऱ्या, उंच, बोलायला कोरड्या. नेलिदाने तुमचं पत्रच त्यांच्यापुढे ठेवलं आणि ती ओळ भाषांतर करून सांगितली. ट्वेटबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि विचारलं की अर्ज भरला तेव्हा तू किती वर्षांची होतीस. दहा, नेलिदा म्हणाली. मग त्या खुर्चीतून उठल्या. आत्याबाई, वकील उठून उभा राहिला की चांगलं की वाईट तेच कळत नाही.

त्यांनी सांगितलं ते असं. त्या कायद्याप्रमाणे ३० एप्रिल २००१ च्या आत ज्याच्या नावाने अर्ज पडला, त्याच्या तेव्हा लहान असलेल्या मुलांनाही त्याची सावली मिळते. अर्ज खरा असेल तर माणूस मेल्याने ती सावली जात नाही. नुसत्या त्या अर्जाने इथे राहायचा परवाना मिळत नाही, पण मी नागरिक, तेव्हा माझ्या बायकोला देश न सोडता, इथेच बसून, माझ्या नावावर परवाना मागता येतो. दहा वर्षांची शिक्षा नाही. हे गेली तेवीस वर्षं तुमच्या खणात पडून होतं आणि आपण दोघं पक्षांच्या नावाने घसा फोडत होतो.

पण घोडं एका ठिकाणी अडलंय. कायद्यावर सही झाली तो दिवस २१ डिसेंबर २०००. त्या दिवशी सासरे या देशात हजर होते, याचा पुरावा हवा. मी सगळीकडे शोधलं. त्या वेळची मजुरीची चिठ्ठी त्यांच्या मित्राच्या, फिदेन्सिओच्या, नावाने. घरभाडं फिदेन्सिओच्या नावाने. वीजबिल, गाडी, दवाखान्याचा कागद, सगळं त्या मित्राच्या नावाने. माझा सासरा बारा वर्षं या खोऱ्यात राबला आणि कागदावर तो कुठेच नाही. ट्वेटबाई म्हणतात की उसन्या नावाचा दोष मुलीवर येत नाही, पण उसन्या नावाने हजेरीही लागत नाही.

तुमच्याकडे काही आहे का? पत्राचं पाकीट, फोटो, काहीही. आणि पावतीचा मूळ कागद जपून पाठवा. हे भांडण नाही, विनंती आहे.

आपला लोभ या वेळी मला खरोखर हवा आहे.

रोहेलिओ

वेस्लाको
७ एप्रिल २०२४

प्रिय रोहेलिओ,
अ. उ. आ.

पावती सोबत आहे. रजिस्टर पोस्टाने पाठवते आहे आणि तरीही पोस्टातल्या बाईला तीनदा विचारलं की ही नक्की पोचेल ना.

बाळ, आता मी जे लिहिते ते नेलिदाला तू वाचून दाखव, कारण तिच्यासमोर मला सांगता आलं नसतं. कुठेही नाव देऊ नकोस, हे लासारोला शिकवलं ते मी. फिदेन्सिओच्या नावाने राहा, तुझ्या नावाचा कपटासुद्धा कुठे पडू देऊ नकोस, धाड आली तर तू नाहीसच असं झालं पाहिजे. मला त्याचा केवढा अभिमान होता! माझ्या भावाला कुणी शोधूच शकणार नाही, असं मी सगळ्यांना सांगायची. आता मीच त्याला शोधते आहे आणि सापडत नाही. चार रात्री डोळ्याला डोळा नाही.

मग काल आदानचा शर्ट इस्त्री करताना आठवलं. आदानचा बाप्तिस्मा त्याच नाताळात झाला, तेवीस तारखेला, शनिवारी. धर्मपिता लासारो. आणि आपल्याकडे धर्मपित्याला आधी चर्चच्या वर्गाला बसावं लागतं, त्याशिवाय फादर उभं करत नाहीत. तो वर्ग त्या आठवड्यात गुरुवारी होता. लासारो थेट बागेतून आला होता, दिवसभर बर्फात फांद्या छाटून, टोपीवर भुसा तसाच. वर्ग संपल्यावर फादरनी हजेरीचा कागद फिरवला. लासारोने पेन हातात धरलं आणि माझ्याकडे बघितलं. मी हळूच म्हटलं, फिदेन्सिओ लिही. त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाला की भाच्याच्या बाप्तिस्म्याला मी खोट्या नावाने उभा राहणार नाही, आणि त्याने स्वतःचं नाव लिहिलं, घरच्या पत्त्यासकट.

घरी येईपर्यंत मी त्याला झापत होते. मूर्ख म्हटलं. एवढी वर्षं जपलेलं सगळं देवाच्या दारात उधळलंस म्हटलं. त्याने ऐकून घेतलं आणि नंतर जेवायला बसला.

कॅलेंडर बघितलं रे. तो गुरुवार एकवीस तारखेचा.

कागद चर्चने ठेवला असेल का, देव जाणे. तू लगेच जा. फोन कर. राजकारण नाही बोलणार, शपथ.

ओफेलिया

टॉपनिश
३ मे २०२४

ती. आत्याबाईंस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही रडत होतात आणि मी ओरडत होतो, त्यामुळे काय झालं ते तुम्हाला कळलं असेल असं वाटत नाही. म्हणून नीट लिहितो.

चर्चच्या कचेरीतल्या बाईंनी पहिल्यांदा सांगितलं की बाप्तिस्म्याचं रजिस्टर आहे, पण वर्गाची हजेरी कोण ठेवतं? रजिस्टरमध्ये तेवीस तारखेला लासारोचं नाव धर्मपिता म्हणून होतंच. ट्वेटबाई म्हणाल्या, हे चांगलं, पण दोन दिवस उशिराचं. कुणी हटवादी अधिकारी भेटला तर विचारेल की बावीसला आला नसेल कशावरून. मी परत गेलो. तळघरात नाताळच्या गोठ्याच्या मूर्ती ठेवतात तिथे जुन्या पेट्या आहेत. दोन शनिवार मी आणि नेलिदा धुळीत बसलो. शेवटी ‘टमाले कोण आणणार’ या यादीच्या खाली तो कागद निघाला. वर फादरच्या हातची तारीख आणि वार, खाली नऊ नावं. सातवं लासारोचं.

नेलिदाने तो मला हातात घेऊ दिला नाही. खाली फरशीवर बसली आणि सहीवरून बोट फिरवत राहिली. बापाच्या हातचं लिहिलेलं तिच्याकडे काहीच नव्हतं हो. मग म्हणाली की आत्या त्या दिवशी बाबांना रागावली, ते बरं झालं, नाहीतर तिला हे आठवलंच नसतं. तेव्हा तुम्ही आता स्वतःला दोष देणं पुरे करा. मीही पुरे करतोय, हळूहळू.

अर्ज गेला. आता वाट बघायची, आणि ते आपल्याला येतं.

पूर्वी होता त्याहून थोडा जास्त लोभ पाठवतो आहे, सुटे परत करू नयेत.

रोहेलिओ

वेस्लाको
१० नोव्हेंबर २०२४

चि. रोहेलिओ,
अ. उ. आ.

आमचे जिंकले. या वेळी दिवाणखान्यात फुगे लावायचं ठरवलं होतं, बांधून ठेवलेले कोपऱ्यात तसेच पडलेत. निकालाच्या सकाळी मी उठून आधी चर्चमध्ये गेले आणि नेलिदाच्या नावाने मेणबत्ती लावली. माझंच मत, आणि माझीच मेणबत्ती. हसायचं तर हस.

आदान काल घरी आला होता. जेवता जेवता म्हणाला की आई, ताईची परवान्याची मुलाखत जानेवारीतच होऊ दे, नवा अध्यक्ष बसायच्या आत, उगीच लांबू नये. त्याच्या तोंडून एवढंच, पण मी ताट सारून कॅलेंडर काढलं. तारीख आली की त्याच मिनिटाला फोन कर. तुमचे लोक का हरले यावर मी तीन पानं लिहिली होती, ती फाडली.

या पत्राला भांडणाचं उत्तर आलं नाही तरी चालेल.

ओफेलिया

टॉपनिश
२ फेब्रुवारी २०२५

ती. आत्याबाईंस,
सा. न. वि. वि.

कार्ड आलं! हिरवं म्हणतात, तसं फार हिरवं नाही. नेलिदाने ते साखरेच्या डब्यात ठेवलं, मग काढून उशीखाली ठेवलं, आणि आता पर्समध्ये आहे.

मुलाखतीचं तुम्हाला सविस्तर हवं होतं. अधिकारी तरुण, सर्दी झालेला. पहिली वीस मिनिटं त्याने तुमची पावती आणि तो हजेरीचा कागद उलटसुलट बघितला. ट्वेटबाई छताकडे बघत बसल्या होत्या. मग त्याने नेलिदाला विचारलं की नवरा सकाळी उठून पहिल्यांदा काय करतो. ती म्हणाली की रेडिओशी भांडतो. आणि संध्याकाळी? आत्याला पत्र लिहून भांडतो. तो हसला, शिंकला, आणि म्हणाला की अर्ज मंजूर आहे, शुभेच्छा. इतक्या साध्या आवाजात, की मी ट्वेटबाईंकडे बघितलं. त्या कागद पिशवीत भरत होत्या.

गाडीत बसल्यावर मी रडलो. नेलिदा नाही रडली. तिने सीट मागे केली आणि झोपली. टॉपनिश येईपर्यंत अर्धा तास घोरत होती. इतक्या वर्षांच्या संसारात ती गाडीत कधी झोपलेली मला आठवत नाही. नेहमी आरशात बघत असायची, मागून कुणाची गाडी येते ते.

मार्चचं तिकीट काढलं आहे. सासूबाईंना फोनवर सांगितलं तेव्हा त्यांनी विश्वास ठेवला नाही. मागेही एकदा, तेरा साली, मी त्यांना येतो म्हणून सांगितलं होतं.

कायदा कुणाचा, यावर मी खूप विचार केला. तुमचाही, आमचाही. आपण दोघांनी त्याचं श्रेय अर्धं अर्धं वाटून घ्यावं, आणि उरलेल्या चोवीस वर्षांचं खापरही. बघा पटतं का.

तुमच्या मायेचा ऋणी, पण मत माझं मीच देणार,
रोहेलिओ

ग्वादालाहारा विमानतळ
२३ मार्च २०२५

प्रिय आत्यास,
नेलिदाचा नमस्कार.

तुम्ही दोघं वर्षभर पत्रं लिहीत होता, मी नुसती वाचत होते. विमानाला दोन तास आहेत, म्हणून हे माझं पहिलं. घरी पोचल्यावर, टपालात टाकायच्या आधी, रोहेलिओ वाचेलच, त्याला वेगळं लिहीत नाही.

मी दारात उभी राहिले तेव्हा आईला फक्त सावली दिसली. तिला वाटलं पेन्शनची बाई आली. दोन महिन्यांचं पेन्शन का आलं नाही म्हणून तिने मला चांगलंच फैलावर घेतलं. मी बॅग खाली ठेवली. मग तिने माझा हात धरला, दंडापर्यंत चाचपला, आणि म्हणाली की लठ्ठ झालीस ग. त्यानंतर बराच वेळ आम्ही दोघी तिथेच उंबऱ्यात बसलो. गल्लीतली माणसं आम्हाला ओलांडून कोथिंबीर ठेवून गेली, अंडी ठेवून गेली.

दुसऱ्या दिवशी बाबांच्या कबरीवर गेलो. त्या सहीची प्रत मी बरोबर नेली होती, आईला दाखवायला. तिला अक्षर दिसलं नाही, पण तिने मला विचारलं की हे कागद कुठल्या पक्षाने दिले. मी म्हटलं, दोन्ही पक्षांनी मिळून, एकदाच, चोवीस वर्षांपूर्वी, त्यानंतर ते बोलत नाहीत. ती म्हणाली की मग त्यांना कुणीतरी जेवायला एकत्र बोलवा. तुझं आणि रोहेलिओचं सांगितलं तेव्हा खूप हसली. डोळ्यांचा डॉक्टर सामोराला आहे, एक डोळा वाचेल म्हणतो. मी डिसेंबरात परत येऊन ऑपरेशन करून घेणार आहे, तारीखही ठरवली.

आत्या, एक सांगायचं होतं, म्हणून खरं तर लिहायला बसले. आमच्या घरातून कुणी सरहद्द ओलांडायला निघालं की काय व्हायचं ते तुला ठाऊक आहे. बाबा निघाले तेव्हा आजी वेशीपर्यंत जमिनीवर लोळली होती. आई बाबांच्या पेटीबरोबर निघाली तेव्हा तिने माझे केस कापून नेले होते, पुन्हा भेट नाही म्हणून. आज सकाळी निघायच्या आधीपासून मी घाबरले होते की ती आता रडणार, आणि मी पाय काढू शकणार नाही. बॅग घेतली. आई परातीत राजमा निवडत बसली होती, बोटांनी खडे हुडकत. मी म्हटलं, आई, निघते. तिने मान वर केली नाही. म्हणाली, बरं, जाताना दार ओढून घे ग, कोंबड्या आत शिरतात.

मी दार ओढून घेतलं. मग बाहेर भिंतीला टेकून मनसोक्त रडले, आणि बस पकडली.

तुझा जीव आमच्यावर आहे तसाच राहो. भांडायला आता फोन चालेल.

तुझीच,
नेलिदा